बोलता येतंय तोवर लिहून ठेवा

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या आयांनो, बापांनो, भावांनो, बहिणींनो,

तुमच्याकडे एक मागणं घेऊन आलो आहे. वर्गणी नको, मत नको. एक संध्याकाळ द्या आणि एक कागद लिहा. उद्या मी बेशुद्ध पडलो, बरं होण्याची आशा डॉक्टरांनीच सोडली आणि माझ्या तोंडून शब्द निघत नसला, तर माझ्यावर कोणते उपचार करायचे, कोणते नाही करायचे आणि माझ्या वतीनं कोणी बोलायचं, एवढं त्या कागदावर असू द्या. लोक त्याला लिव्हिंग विल म्हणतात. आपण वैद्यकीय इच्छापत्र म्हणू. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी हा तुमचा हक्क मान्य केला. इतकी वर्षं झाली, आपल्याकडे तो अजून ओट्यावर, पारावर, बाजाराच्या गप्पांत आलेला नाही. म्हणून हे लिहितो आहे.

थांबू नका. ज्या दिवशी हा कागद लागतो, त्या दिवशी तो लिहिता येत नाही.

काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्यापैकी कित्येकांनी ते डोळ्यांनी पाहिलं आहे. मे महिना, पारा पंचेचाळिसाच्या घरात. शेतातून आलेले आप्पा पाण्याचा तांब्या हातात घेतात आणि एका अंगानं कलंडतात. मिळेल त्या गाडीत घालून तालुक्याला, तिथून ॲम्ब्युलन्सनं जळगावला किंवा धुळ्याला, तिथंही "पुढे न्या" म्हणाले तर नाशिकला. घशात नळी जाते. मशीन लागतं. आयसीयूच्या दाराशी माय चपला काढून भिंतीला टेकून बसते. थोरला सुरतेला, धाकटा पुण्याला, लेक चोपड्याला दिलेली. फोनावर फोन होतात. रोज संध्याकाळी काउंटरवरून आकडा सांगितला जातो. कापूस आधीच विकलेला, केळीचे पैसे व्यापाऱ्याकडे अडकलेले. मग सोनं मोडतं. मग शेताची गोष्ट निघते. आणि एका सकाळी डॉक्टर बाजूला घेऊन हळूच सांगतात, "आता काही सुधारणा होईल असं वाटत नाही. तुम्हीच काय ते ठरवा."

तुम्हीच ठरवा! एवढ्याशा वाक्यानं घरं दुभंगली आहेत. थोरला म्हणतो, पुरे झाले हाल. धाकटा म्हणतो, बापाला मारायला निघालास? माय काहीच बोलत नाही, कारण तिला कोणी विचारलेलंच नसतं. शेवटी जो "बस्स" म्हणतो, त्याच्या माथी ते कायमचं बसतं. दशक्रियेला ते निघतं, वर्षश्राद्धाला निघतं, वाटणीच्या बैठकीत तर हमखास निघतं. ज्यानं हट्टानं उपचार चालू ठेवले, तोही सुटत नाही. नळी ओढू नये म्हणून बापाचे हात कॉटला बांधलेले त्यानं पाहिलेले असतात.

तुमच्या पोरांना या जागी उभं करू नका. तुम्ही त्यांच्यासाठी इतकं केलंत. सातबारा स्वच्छ ठेवलात, वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे खेटे घातलेत, केळीचा विमा वेळेवर भरलात. वादळ येईल की नाही हे ठाऊक नसतानाही तुम्ही तो हप्ता भरता, कारण आल्यावर भरता येत नाही. तसंच हे आहे. बोला त्यांच्याशी. आजच बोला. "मला असं झालं तर तुम्ही असं करा, आणि मनाला लावून घेऊ नका, हे मीच ठरवलंय," एवढं तुमच्या तोंडून एकदा ऐकलं, तर त्यांच्या उरावरचं ओझं अर्ध्यानं उतरेल. उरलेलं अर्धं कागदानं उतरेल.

कोणी म्हणेल, कोर्ट आहे, सरकार आहे, ते बघून घेतील. ते कसं बघून घेतात हेही ऐका.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्याच एका सफाई कामगारानं हल्ला केला. कुत्र्याच्या साखळीनं गळा आवळला. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही. वय पंचवीस, लग्न ठरलेलं. त्यानंतर त्या जवळपास ४२ वर्षं त्याच रुग्णालयात अंथरुणावर होत्या. परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या, पण प्रत्येक पिढीनं त्यांना भरवलं, न्हाऊ-माखू घातलं, आपलं माणूस म्हणून जपलं. महाराष्ट्रानं या परिचारिकांपुढे कायम हात जोडावेत असं ते काम आहे. लेखिका पिंकी विराणी सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि म्हणाल्या, आता या जिवाला सोडवा. परिचारिका म्हणाल्या, नाही, आम्ही सांभाळतो. न्यायालयानं ७ मार्च २०११ रोजी विराणींची मागणी नाकारली आणि अरुणाताईंच्या वतीनं बोलण्याचा अधिकार केईएमच्या लोकांचा आहे असं ठरवलं. त्याच निकालात, बरं होण्याची आशा नसलेल्या रुग्णाचे उपचार उच्च न्यायालयाच्या परवानगीनं थांबवता येतील, अशी वाटही पहिल्यांदा उघडली. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियानं अरुणाताई गेल्या.

दोन्ही बाजूंना त्यांच्याबद्दल माया होती, यात मला तिळमात्र शंका नाही. वकील बोलले, डॉक्टर बोलले, न्यायमूर्ती बोलले, वर्तमानपत्रं बोलली. फक्त अरुणा शानबाग यांना काय हवं होतं, हे कोणालाच सांगता आलं नाही. पंचविशीतल्या मुलीला ते कोण विचारणार? आणि तेव्हा विचारायची सोय तरी कुठे होती?

तुमच्याकडे ती सोय आहे. वापरा.

दूर अमेरिकेतही असंच झालं. फ्लोरिडा राज्यातली टेरी शायवो ही तरुणी १९९० साली सव्विसाव्या वर्षी घरात कोसळली आणि भानावर आलीच नाही. नवरा म्हणे, तिला असं जगायचं नव्हतं. आईबाप म्हणत, ती जगायला हवी. लिहिलेलं काहीच नव्हतं. भांडण कोर्टात गेलं, कोर्टातून विधानसभेत, राज्यपालांच्या दारात, शेवटी २००५ च्या मार्चमध्ये थेट अमेरिकी संसदेत. एका बाईला अन्न भरवणाऱ्या पोटातल्या नळीसाठी संसदेनं कायदा केला आणि राष्ट्राध्यक्षांनी त्यावर सही केली. तरी काढलेली नळी पुन्हा लावण्याचा आदेश कोर्टांनी दिला नाही आणि ३१ मार्च २००५ रोजी ती गेली. पंधरा वर्षं गेली. मुलीच्या खाटेशेजारी आईबाप आणि जावई एकमेकांचं तोंड पाहीनासे झाले. एवढ्या श्रीमंत, एवढ्या शिकल्यासवरल्या देशात. तुमचं घर यापेक्षा भक्कम आहे असं समजू नका.

आणि आता याच्या उलटं पाहा. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भाव्यांनी गीतेवर प्रवचनं दिली, हे खान्देशाला सांगायला नको. त्याच विनोबांनी पन्नास वर्षांनी, १९८२ च्या नोव्हेंबरात, पवनारला आजारी असताना अन्न, पाणी आणि औषध नाकारलं. भोवतालच्यांनी विनवलं. ते ठाम राहिले. १५ नोव्हेंबरला त्यांनी देह ठेवला. अन्नपाणी सोडा असं मी तुम्हाला चुकूनही सांगत नाही. विनोबांची गोष्ट वेगळी, तयारी वेगळी, आणि आपल्या कागदाचा त्या मार्गाशी संबंध नाही. सांगायचं एवढंच की, तिथं कोणाला अंदाज बांधावा लागला नाही. त्यांना काय हवं ते सगळ्यांना ठाऊक होतं. आपल्यातल्या बहुतेकांना शेवटच्या घडीला असं शुद्धीत राहून बोलता येणार नाही. म्हणून आधी लिहायचं.

घाबरू नका, हा जीव देण्याचा कागद नाही. इंजेक्शन देऊन कोणाला मारणं आजही गुन्हा आहे आणि या इच्छापत्रानं त्याला परवानगी मिळत नाही. ज्याचा उपचारानं फायदाच उरलेला नाही, त्याला मशीननं अडवून न धरता जाऊ द्यायचं, एवढाच याचा अर्थ. तुम्ही शुद्धीवर असाल, बोलू शकत असाल, तर हा कागद बाजूला राहतो आणि तुमच्या तोंडचा शब्द चालतो. आणि वाचणाऱ्यांत कोणी कर्जानं, नापिकीनं, एकटेपणानं खचलेला भाऊ असेल, जीव नकोसा झालेली बहीण असेल, तर त्यांनी हा लेख इथंच ठेवावा आणि १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर आत्ता फोन करावा. तुमचं दुखणं बरं होणारं आहे. तुम्ही आम्हाला हवे आहात.

दुसरी भीती मला जास्त खरी वाटते. म्हातारी जड झाली, जमीन तिच्या नावावर आहे, मग पोरंच तिचा अंगठा घेऊन मोकळी होतील, ही ती भीती. अशी घरं आहेत, नाही म्हणून कसं चालेल? पण न लिहिल्यानं ही म्हातारी सुरक्षित होत नाही. उलट तिच्या वतीनं बोलायला तीच पोरं उरतात. लिहिताना आपला माणूस निवडायचा हक्क तिला मिळतो. म्हणून बायांनो, नीट ऐका. रिवाज म्हणून थोरल्याचं नाव घालू नका. जो तुमच्या उशाशी बसेल, जो तुमचं ऐकेल, त्याचं नाव घाला. ती लेक असू दे. "परक्या घरची झाली" म्हणून तिला गाळू नका, तापात डोक्यावर पाण्याच्या पट्ट्या कोण ठेवतं ते तुम्हाला माहीत आहे. ती सून असू दे, बहीण असू दे, जिवाची मैत्रीण असू दे. एकाहून जास्त नावं घातली तरी चालतात. साक्षीदार मात्र ज्याला तुमच्या जमिनीत आणि सोन्यात काही मिळायचं नाही असाच घ्या.

आणि हेही लक्षात असू द्या की, "शेवटपर्यंत सगळे उपचार करा" असंही या कागदात लिहिता येतं. तुमची श्रद्धा तशी असेल, तुमचं मन तसं सांगत असेल, तर तसं लिहा. पटायला हवं ते तुम्हाला. मला नाही, सरकारला नाही, डॉक्टरला नाही.

पैशांसाठी मात्र कोणी "नको" लिहू नये. हे मी हात जोडून सांगतो. सातपुड्यातल्या पाड्यावरचा पावरा बाप, साक्रीकडचा ऊसतोड मजूर, हे बिलाच्या धाकानं रुग्णाला उचलून घरी नेतात, तेव्हा त्याला निवड म्हणत नाहीत. वाचणारा माणूस पैशांवाचून जाता कामा नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपला आजार बसतो का ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. जळगाव आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत जा. बरं होणारं दुखणं असेल तर भांडून उपचार घ्या. हा कागद त्या लढाईसाठी नाहीच. ती लढाई हरल्यावर माणसाची विटंबना होऊ नये म्हणून तो आहे.

आता तो करायचा कसा, ते सांगतो. २०१८ साली न्यायालयानं घालून दिलेली पद्धत फार किचकट होती. इच्छापत्रावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची, मग रुग्णालयाचं मंडळ, मग जिल्हाधिकाऱ्यानं नेमलेलं मंडळ, मग पुन्हा न्यायदंडाधिकारी रुग्णाला पाहायला येणार. रावेरचा शेतकरी हे कधी करणार? २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयानंच ती पद्धत सोपी केली. माझ्या मते तो दिवस गरिबाच्या दृष्टीनं २०१८ च्या निकालाइतकाच मोठा आहे.

आज तुम्ही अठरा वर्षांचे असाल, शुद्ध बुद्धीचे असाल आणि कोणाच्या दबावाखाली नसाल, तर साध्या मराठीत लिहा. कोणत्या परिस्थितीत कोणते उपचार नकोत ते स्पष्ट लिहा. "मला त्रास देऊ नका" असं मोघम लिहिलंत तर डॉक्टरला त्यातून काही कळणार नाही. असं लिहा: "असाध्य आजाराची अखेर आली असेल, किंवा मी कायमचा बेशुद्धावस्थेत गेलो असेन आणि सुधारणा होणार नाही असं डॉक्टरांच्या मंडळाचं मत असेल, तर मला व्हेंटिलेटरवर ठेवू नये, डायलिसिस करू नये, हृदय थांबल्यास छाती दाबून ते पुन्हा चालू करू नये. दुखणं आणि धाप कमी करणारी औषधं मात्र शेवटपर्यंत द्यावीत." हे तुमचं तुम्ही ठरवा, शब्द बदला, आपल्या नेहमीच्या डॉक्टरला दाखवा, त्यांना प्रश्न विचारा. तुमच्या वतीनं बोलणाऱ्यांची नावं लिहा. मन बदललं तर कागद केव्हाही बदलता येतो, लेखी रद्द करता येतो, हेही त्यात नमूद करा. दोन साक्षीदारांसमोर सही करा. मग नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्याकडून तो साक्षांकित करून घ्या. न्यायदंडाधिकाऱ्याकडे जायला लागत नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांना त्यांच्या बोलीत, अहिराणीत, भिलीत, पावरीत, ओळ न् ओळ समजावून सांगा आणि मगच अंगठा घ्या. घाईत घेतलेला अंगठा म्हणजे विश्वासघात आहे.

प्रती काढा. एक ज्यांची नावं घातली त्यांना, एक घरच्या डॉक्टरला. आणि एक आपल्या महानगरपालिकेला, नगरपालिकेला किंवा ग्रामपंचायतीला.

ही शेवटची प्रत विसरू नका, कारण इथंच सरकारचा संबंध येतो. तुमचा श्वास किती दिवस चालावा हे सरकारनं ठरवायचं नाही. पण तुम्ही ठरवलेलं जपून ठेवायचं काम सरकारचं आहे. प्रत्येक स्थानिक संस्थेनं ही इच्छापत्रं सांभाळायला एक अधिकारी नेमावा, असं न्यायालयानं स्पष्ट सांगितलं आहे. मुंबईतले स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी स्वतःचं इच्छापत्र केलं आणि ते घ्यायला कोणी अधिकारीच नाही असं दिसल्यावर मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. त्यानंतर राज्य सरकारनं स्थानिक संस्थांमध्ये असे अधिकारी नेमले. शेजारच्या गोव्यात उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी ३१ मे २०२४ रोजी स्वतःचं इच्छापत्र नोंदवलं आणि तिथली सुरुवात स्वतःपासून केली. कर्नाटक सरकारनं जानेवारी २०२५ मध्ये रुग्णालयांसाठी आदेश काढला. एक डॉक्टर हलला आणि राज्य हललं. आपण दोन जिल्हे आहोत. आपण हलवू शकत नाही?

जा. आपल्या पालिकेत जा आणि विचारा, वैद्यकीय इच्छापत्र स्वीकारणारा अधिकारी कोण, त्याची खोली कुठली. बाबू म्हणेल, असं काही आमच्याकडे नसतं. परत फिरू नका. आयुक्तांच्या, मुख्याधिकाऱ्यांच्या, गटविकास अधिकाऱ्यांच्या नावानं अर्ज लिहा, आवक शाखेत द्या आणि शिक्क्याची पोच घ्या. उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात विचारा. गावात असाल तर ग्रामसभेत उभे राहा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, या दिवशी गाव जमतं. रस्ता-गटार-पाण्याच्या विषयांत हा एक विषय घाला आणि ठराव करायला लावा. एकटे जायला संकोच वाटत असेल तर ज्येष्ठ नागरिक संघाचे पाच-दहा जण मिळून जा. पांढऱ्या केसांची माणसं एका रांगेत टेबलापुढे उभी राहिली की टेबलामागचा माणूस उठतो, हे आपण अनेकदा पाहिलं आहे.

कागद लागायची वेळ आली तर पुढे काय होतं, हेही जाणून घ्या. उपचार करणारा डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ मिळून पहिलं मंडळ होतं. त्यांचं मत आलं की दुसरं मंडळ बसतं, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यानं नेमलेला एक डॉक्टर आणि दोन वेगळे तज्ज्ञ असतात. दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं असतं. तुम्ही नेमलेल्या माणसाची संमती लागते. निर्णय अमलात आणण्याआधी रुग्णालय न्यायदंडाधिकाऱ्याला कळवतं. मंडळानं नकार दिला तर उच्च न्यायालयाचं दार उघडं आहे. इच्छापत्र नसलं तरी नातेवाइकांच्या संमतीनं ही वाट चालता येते, पण मग तेच जुनं भांडण, कोण हो म्हणणार आणि कोण नाही.

जळगाव, धुळे, भुसावळ, अमळनेर, शिरपूर इथल्या डॉक्टरांनो, तुमच्यासाठीही दोन शब्द. तुमची भीती आम्ही समजतो. उपचार थांबवले की जमाव येतो, काचा फुटतात, पोलीस येतात. म्हणून मशीन चालू ठेवणं तुम्हाला सुरक्षित वाटतं. पण केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं सप्टेंबर २०२४ मध्ये उपचार थांबवण्याबाबत मार्गदर्शक सूचनांचा मसुदा काढला आणि न्यायालयाची पद्धत तर आजही लागू आहे. तिचं तंतोतंत पालन करा, ती तुमचंही रक्षण करते. आपल्या रुग्णालयात ही मंडळं आजच तयार ठेवा. रात्री दोनला तज्ज्ञ शोधत फिरू नका. आणि पेशंट बरा असताना, रक्तदाब तपासताना, "तुम्ही काही लिहून ठेवलंय का?" एवढं विचारा. तुमच्या शब्दाला इथं केवढं वजन आहे याची तुम्हालाच कल्पना नाही.

सरकारकडे आणखी एक हक्कानं मागा. उपचार थांबवणं म्हणजे माणसाला वाऱ्यावर सोडणं नव्हे. तंबाखूनं तोंडाचा कॅन्सर झालेला माणूस आमच्या गल्लीबोळांत कण्हतो आणि त्याला मॉर्फिनची गोळी मिळत नाही. २०१४ साली संसदेनं अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती केली, ती अशा रुग्णांना हे औषध सोपेपणानं मिळावं म्हणूनच. मग ते तालुक्यापर्यंत का येऊ नये? घरी येऊन जखम धुणारी, धाप कमी करणारी, घरच्यांना धीर देणारी नर्स प्रत्येक तालुक्याला का असू नये? याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. मोठ्या यंत्रांपेक्षा ते स्वस्त आहे. आमदार मतं मागायला येतील, तेव्हा सभामंडपाच्या आधी हे मागा. हे मिळालं नाही तर "घरी मरायचंय" असं लिहिणाऱ्याचं मरण घरात असूनही यातनेचं होईल, आणि मग कागदानं दिलेला मान दुखण्यानं हिरावून घेतला असं होईल.

तुम्ही म्हणाल, घरात हा विषय काढायचा कधी? मरणाचं नाव घेतलं की पोरं कावतात, "काहीतरी अभद्र बोलू नका" म्हणतात. मी सांगतो कधी काढायचा. आखाजीला काढा. लेकी माहेरी आलेल्या असतात, झोके बांधलेले असतात, पितरांच्या नावानं घागर भरलेली असते. ज्या दिवशी आपण गेलेल्यांना जेवू घालतो, त्या दिवशी आपल्या जाण्याबद्दल बोलण्यात अभद्र काय? नाहीतर श्रावणात कानबाईच्या रोटाला काढा. सुरतेचा, पुण्याचा, नाशिकचा, जिथला असेल तिथला भाऊबंद त्या दिवशी गावी येतो. जेवणं उरकली की सगळ्यांना एका खोलीत बसवा. टीव्ही बंद करा. सगळ्यात थोरल्यानं सुरुवात करावी. स्वतःबद्दल बोलावं, दुसऱ्याला उपदेश करू नये. मग सुनांना विचारा. मग लेकींना विचारा. माय आजवर गप्प राहिली असेल तर तिला आधी विचारा, आणि ती बोलेपर्यंत तिथून उठू नका.

पण सणाची वाट पाहण्यातही धोका आहे. मुंबई-आग्रा रस्त्यावर, सुरत-नागपूर रस्त्यावर रोज आपली पोरं मोटारसायकलवर असतात. हा कागद फक्त म्हाताऱ्यांचा नाही. अरुणाताई पंचवीस वर्षांच्या होत्या, टेरी सव्विसाची. पंचविशीतल्या मुला, तूही लिही. तुझ्या आईला तुझ्यासाठी अंदाज बांधावा लागू नये.

म्हणून आज रात्री जेवण झाल्यावर दोन ओळी लिहा. फक्त दोन: माझ्या वतीनं कोणी बोलायचं आणि मला काय नको. त्या घरात मोठ्यानं वाचून दाखवा. येत्या आठवड्यात डॉक्टरला दाखवून पक्क्या करा, दोन साक्षीदार बोलवा, नोटरीकडे जा. पुढच्या सोमवारी पालिकेत किंवा पंचायतीत प्रत द्या. पोच मागा. ती मिळाली की शेजारच्या घरी जा, पोच दाखवा, आणि त्यांच्याबरोबर त्यांची प्रत द्यायला पुन्हा त्या कचेरीत जा.